रोजचे चिंतन आणि कामाचा वेळ: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार.

आपली प्रतिक्रिया सविस्तर आणि रोखठोक आहे, त्यामुळे केवळ आभार मानून मोकळे होणे मला प्रशस्त वाटले नाही. आपले म्हणणे थोडक्यात असे की, रोज वहीत आत्मचिंतन लिहिणे ही काम टाळण्याची प्रतिष्ठित रीत आहे. व्यवसाय करणाऱ्याने तो वेळ ग्राहकाला द्यावा. चुका दाखवून द्यायला बाजार समर्थ आहे. आणि चिंतनाची महती सांगणारे सगळे यशस्वी लोकच असतात, वह्या लिहूनही बुडालेल्यांना कोणी विचारत नाही.

शेवटचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. यशस्वी माणसांच्या सवयी गोळा करून यशाचे कारण हाती लागत नाही, कारण त्याच सवयी अयशस्वी माणसांनाही होत्या की नाही हे आपण पाहिलेलेच नसते. म्हणून अमुक मोठा माणूस रोज लिहीत असे, या आधारावर मी माझी बाजू मांडणार नाही.

काम टाळण्याच्या आक्षेपातही तथ्य आहे, मात्र तो सगळ्या लिखाणाला सारखा लागू होत नाही. ट्रॅपनेल आणि कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली स्वतःकडे लक्ष देण्याचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले: एक भीती, नुकसान किंवा अन्याय यांच्या जाणिवेतून तेच ते उगाळत राहण्याचा, आणि दुसरा कुतूहलातून स्वतःला तपासण्याचा. ‘आजचाही दिवस वाया गेला, माझ्यात शिस्तच नाही’ अशी पाने महिनाभर भरली, तर माणूस खचतो आणि कामही जागच्या जागी राहते. असे लिखाण थांबवावे, हे मी आपल्याइतक्याच ठामपणे म्हणेन.

खरा मतभेद आहे तो बाजाराबद्दल. बाजार निकाल देतो, पण कारण सांगत नाही. शिवाय तो निकाल बहुतेक वेळा उशिरा येतो, आणि तोवर आपल्या आठवणीत फेरफार झालेला असतो. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या १९७२ मधील चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यांपूर्वी बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी काही जणांकडून, या दौऱ्यांत काय काय घडण्याची किती शक्यता आहे, याचे अंदाज घेतले होते. पुढे त्यांना स्वतःचेच अंदाज आठवायला सांगितले, तेव्हा ज्या गोष्टी घडल्या असे त्यांना वाटत होते, त्यांची शक्यता आपण आधी प्रत्यक्षात सांगितली होती त्यापेक्षा जास्त सांगितली होती, अशी त्यांची आठवण झुकलेली आढळली. हा अभ्यास १९७५ साली प्रसिद्ध झाला. त्या लोकांचा यात कसलाही आर्थिक स्वार्थ नव्हता. ज्याचे भांडवल आणि अब्रू दोन्ही पणाला लागलेले आहेत, त्या व्यावसायिकाची स्मृती याहून प्रामाणिक राहील असे मानायला मी तयार नाही.

म्हणून माझा आग्रह निकालाआधी लिहिण्याचा आहे. समजा, एक जुना ग्राहक ३० ऐवजी ६० दिवसांची उधारी मागतो. होकार देण्यापूर्वी वहीत एवढेच लिहावे: ‘मुदत वाढवून देण्याचा विचार आहे. पुढच्या तिमाहीत त्याची ऑर्डर वाढेल, खात्री ७० टक्के. पैसे वेळेवर येतील, खात्री ८० टक्के. त्याला मुदत आत्ताच का हवी, हे विचारलेले नाही. दोन्ही अंदाज चुकले तर पगार कशातून करायचे, याचे उत्तर आज नाही.’ शेवटची दोन वाक्ये डोळ्यांसमोर असताना ग्राहकाला काहीही न विचारता होकार देणे अवघड जाते. आता समजा, तिमाहीत ऑर्डर खरोखरच वाढली, पण ती त्याचा दुसरा पुरवठादार बंद पडल्यामुळे. नोंद नसती, तर ‘उधारी वाढवली की धंदा वाढतो’ असा धडा घेऊन आपण आणखी तिघांना तीच सवलत दिली असती, आणि रोकड अडकते ती नेमकी अशा वेळी. निकाल चांगला लागला म्हणून निर्णय चांगला होता असे ठरत नाही, आणि हा फरक बाजार आपल्याला समजावून सांगत नाही.

पीटर ड्रकर यांनी १९९९ साली व्यवस्थापनावर लिहिताना हीच रीत सुचवली होती: महत्त्वाचा निर्णय घेताना अपेक्षित परिणाम लिहून ठेवायचा आणि ९ किंवा १२ महिन्यांनी प्रत्यक्ष परिणामाशी ताडून पाहायचा. मी त्यात टक्क्यांची भर घालतो, कारण ७० टक्के खात्रीने लिहिलेल्या अंदाजांपैकी दहातले सुमारे सात खरे ठरायला हवेत. चारच ठरत असतील, तर आपला आत्मविश्वास नेमका कोणत्या विषयात फाजील आहे (माणसे निवडण्यात, मुदती ठरवण्यात की वसुलीत) हे वही दाखवून देते. हिशेबाच्या चोपड्या पुरेशा आहेत असे आपण लिहिले आहे. चोपडीत येणे, देणे आणि शिल्लक मिळते; तो व्यवहार करताना आपली अपेक्षा काय होती, हे तिच्यात कुठेच नसते.

‘मग रोजच कशाला?’ हा आपला प्रश्न योग्य आहे. त्याचे कारण असे की, बरेचसे निर्णय घेताना ते निर्णय वाटतच नाहीत: एखादा फोन उद्यावर ढकलणे, सहकाऱ्याच्या ढिलाईकडे दुर्लक्ष करणे. आठवड्याने लिहायला बसल्यावर यांपैकी एकही गोष्ट आठवत नाही. मात्र एखादा दिवस चुकला तर काही बिघडत नाही. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या सवयींवरील अभ्यासातही मधली एखादी खंड पडलेली वेळ सवय जडण्याच्या आड आली नव्हती. वेळही फार लागत नाही, दहा मिनिटे पुरतात. ग्राहकाच्या वाट्याचा वेळ त्यासाठी कापावा लागत नाही.

एका बाबतीत मात्र आपला अनुभव माझ्यापेक्षा वेगळा असू शकेल. ज्या व्यवसायात सकाळच्या निर्णयाचा निकाल संध्याकाळी हाती येतो, तिथे आठवण बदलायला अवधीच मिळत नाही, आणि तिथे अशा नोंदींचा उपयोग नक्कीच कमी असेल. आपले काम त्या प्रकारचे असेल, तर रोजच्या विक्रीबद्दल न लिहिता केवळ माणसे नेमणे, भागीदारी आणि कर्ज या तीन गोष्टींपुरत्या नोंदी ठेवून पाहाव्यात, कारण यांचे निकाल कोणत्याही व्यवसायात उशिराच लागतात.