आधी विहिरी साफ करा, वसुली मागाहून करा

राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचं गाव आहे. 'प्रदूषण करेल त्यानेच भरपाई द्यायची' हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ मध्ये याच गावाच्या खटल्यात ठणकावून सांगितलं. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल मोठ्या कौतुकाने शिकवला जातो. गावाला त्यातून काय मिळालं हे बघितलं की मला संताप येतो.

तिथल्या कारखान्यांत एच-ॲसिड बनायचं. हे रसायन कापडाच्या रंगांसाठी लागतं. माल निघाला सुमारे ३७५ टन आणि मागे राहिला जवळपास २,४०० टन विषारी गाळ. तो उघड्यावर टाकला. पावसाच्या पाण्याबरोबर विष जमिनीत मुरलं आणि विहिरींत उतरलं. ते पाणी ना माणसांच्या कामाचं राहिलं, ना गुरांच्या, ना शेताच्या. लोक इतके खवळले की जमावबंदी लावावी लागली. पुढे कोर्टाने गाळ सुरक्षित साठवायला सांगितला, तेव्हा हिशेबात आला जेमतेम ७२० टन. बाकीचा आधीच इकडेतिकडे पसरून त्यावर माती ओढलेली होती!

आमच्या नागपूरच्या नीरीच्या, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या, शास्त्रज्ञांनी पाहणी केली. साठेक विहिरी आणि साडेतीनशे हेक्टर जमीन बाधित झाली होती. माती आणि पाणी सुधारण्याचा खर्च ठरला ३७ कोटी ३८ लाखांच्या घरात. हे पैसे सरकारने कंपन्यांकडून वसूल करायचे आणि त्यातून काम करायचं, असं ठरलं. गाडं अडलं ते इथेच. कंपन्या अर्जांवर अर्ज करत राहिल्या. अखेर जुलै २०११ मध्ये कोर्टाने १२ टक्के चक्रवाढ व्याजासह रक्कम भरायला सांगितली. मूळ याचिका १९८९ची!

कोर्टात तारखा पडत असताना जमिनीखालचं पाणी थांबून राहत नाही. विष मातीच्या वरच्या थरात असतं तेव्हा ती माती खणून सुरक्षित जागी हलवता येते. एकदा ते खडकाच्या भेगांत शिरलं की वर्षानुवर्षं पाणी उपसून शुद्ध करत बसावं लागतं, खर्च वाढत जातो, आणि तरी ते पुरतं निघेल याची खात्री नसते. म्हणून माझं म्हणणं आहे की सरकारने आपल्या पैशाने ताबडतोब सफाई सुरू करावी आणि मग कंपनीच्या मानगुटीवर बसून पै न् पै वसूल करावी. अमेरिकेने १९८०च्या 'सुपरफंड' कायद्यात ही सोय केली.

आपल्याकडे दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम आले ते थेट जुलै २०२५ मध्ये. देशात अशा १०३ जागा नक्की झाल्या होत्या आणि काम सुरू होतं फक्त सात ठिकाणी. नव्या नियमांत तपासणीला मुदत आहे, पण सफाई कधी पूर्ण व्हायला हवी याला मुदतच नाही. ती घाला. आणि वसुली होईपर्यंत काम अडणार नाही एवढा निधी आधीच बाजूला काढून ठेवा.