अर्ध्या चौरस मीटर उन्हातून किती पाणी?

आमच्या वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एक मजकूर फिरतोय : काळ्या पेटीत समुद्राचं पाणी भरा, वर काच ठेवा, बाकी ऊन बघून घेईल. एका अगाशीवर घरभराचं पाणी, तेही फुकट. सरकार ही युक्ती दडवून ठेवतं, नाहीतर खंभातच्या आखातावर अख्ख्या वडोदऱ्याची तहान भागेल. मामांनी खाली लिहिलं, "करून बघायला काय हरकत आहे?" म्हणून करून बघितलं.

अर्धा चौरस मीटरचा पत्र्याचा ट्रे, आतून काळा रंग, वर तिरकी काच, तिच्या खालच्या कडेला पन्हळ. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. तेवढं मीठ नळाच्या पाण्यात विरघळवलं. अकराच्या सुमारास काच आतून धुरकटली, मग थेंब एकमेकांत मिसळून खाली ओघळायला लागले. संध्याकाळी बाटलीत दीड लिटरला थोडं कमी पाणी होतं. खारटपणाचा मागमूस नव्हता. म्हणजे युक्ती खरी आहे.

घरभराचं पाणी मात्र खोटं. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण 0.65 युनिट (विजेच्या बिलातलंच युनिट) उष्णता लागतेच, त्यात सूट नाही. आपल्याकडे चौरस मीटरवर दिवसाला सरासरी साडेपाच युनिटांच्या आसपास ऊन पडतं. कण न् कण कामी आला तरी 8 लिटर. काचेतून, पत्र्यातून उष्णता निसटते, हाती येतात 3-4. शहरात माणशी 135 लिटर धरतात. पाच माणसांना 675, म्हणजे सुमारे 200 चौरस मीटर काच. आमची अगाशी त्याच्या निम्मीही नाही. नुसत्या पिण्या-रांधण्याला 20 लिटर लागत असतील, तर 6 चौरस मीटर पुरतील. कच्छच्या छोट्या रणात मीठ पिकवणाऱ्या, टँकरची वाट बघणाऱ्या अगरिया कुटुंबासाठी एवढंही मोलाचं आहे, आणि ही पेटी तिथेच शोभते.

फुकट तर नाहीच. काच, सांधे, रोजची धूळ, तळाला साचणारं मीठ खरवडणं, हे सगळं कुणीतरी करायचं असतं.

दडवल्याचा आरोप मला सगळ्यात खटकतो. चिलीतल्या लास सालिनास इथे 1872 मध्येच अशा पेट्यांचं मोठं केंद्र उभं राहिलं होतं. आपल्याच आखातापलीकडे, भावनगरला, केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था 1954 पासून आहे, आणि खाऱ्या पाण्याचं गोडं करणं हा तिच्या कामाचाच भाग.

राहिलं खंभात. तिथलं पाणी गाळानं गढूळ, भरती-ओहोटी प्रचंड. मोठ्या प्रमाणावर करायचं तर आरओच लागेल, म्हणजे पाणी दाबानं पडद्यातून गाळणं, तेही 55 ते 70 बार, हवेच्या दाबाच्या जवळपास तितक्याच पट दाबाचं. घरच्या आरओच्या आवाक्यातलं हे काम नव्हे. मोठ्या प्रकल्पात 1000 लिटरला 3-4 युनिट वीज लागते. चौरस मीटरभर सोलर पॅनल दिवसाला एक युनिट देतं, म्हणजे तेवढ्याच उन्हात अडीचशे लिटर! पेटी देते 3-4. पण मागे उरणारं जवळपास दुप्पट खारं पाणी आखातातच सोडणार, आणि तिथले मासेमार त्याचं काय करणार? त्यापेक्षा सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेला आजवा तलाव आणि मही नदीकाठचे कूप आपल्याला कितीतरी जवळचे आहेत.

मामा, ट्रे अगाशीवरच आहे. रविवारी या, त्या दिवसाचं पाणी तुम्हीच मोजा.