पांढऱ्या रंगाला नावे ठेवू नयेत

नवी पिकअप ताब्यात घ्यायला जाताना सोबत काय न्यावे, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. काय नेऊ नये, हे मात्र कोणी सांगत नाही. चष्मा नेऊ नये. मोबाइलला विजेरी असते, ही गोष्ट त्या दिवसापुरती विसरावी, आणि गाडी उन्हात उभी करून दाखवा असा हट्ट तर मुळीच धरू नये. पाडव्याचा मुहूर्त सकाळचा असला तरी शोरूमवाल्यांना त्या दिवशी रांगेने गाड्या द्यायच्या असतात, त्यामुळे आपली पाळी दिवेलागणीच्या सुमारास येते, आणि ही शोरूमने आपल्यावर केलेली पहिली कृपा समजावी. छताच्या झगझगीत दिव्यांखाली कोणताही पांढरा रंग नुकत्याच काढलेल्या दुधासारखा एकसारखा दिसतो.

त्यानंतर थर्माकोलची हातभर लांब किल्ली देऊन आपला सहकुटुंब फोटो काढतात. फोटोसाठी आपण गाडीकडे पाठ करून उभे राहतो, आणि ही योजना किती विचारपूर्वक केलेली आहे, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कुंकवाचे स्वस्तिक नेमके कोठे काढायचे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना न विचारता सेल्समनला विचारावे. झाकण्याजोगी जागा त्याला आपल्यापेक्षा चांगली ठाऊक असते. चाकाखालची लिंबे फुटून पेढ्यांचा बॉक्स उघडेपर्यंत ‘गाडी सुस्थितीत मिळाली’ या ओळीखाली आपली सही झालेली असतेच. सही आधी करावी आणि गाडी नंतर पाहावी, म्हणजे पाहताना मनावर दडपण राहत नाही.

एवढे सगळे पथ्य पाळूनही मी दुसऱ्या दिवशी सकाळी एक चूक केली. टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावच्या बाजारात पहिली खेप न्यायची होती, म्हणून हौद्यापासून केबिनपर्यंत ओले फडके फिरवले, आणि चालकाच्या दाराच्या मुठीखाली बोट अडखळले. वाकून पाहिले, तर मेणबत्तीवरून मेण ओघळून थिजावे तसा रंगाचा एक थेंब, तुरीच्या दाण्याएवढे डोके आणि दीड इंचाची शेपटी घेऊन, तेथे मुक्कामाला आलेला होता. भोवताली रंगाखाली अडकलेले धुळीचे कण होते. त्यांवरून हात फिरवला की पॉलिश पेपर आठवावा. मागच्या पॅनेलवर मात्र तळहात साबणाच्या वडीवरून जावा तसा जात होता. वाचकांनी असा भेदभाव करू नये. गाडी धुवायचीच असेल तर दहा फुटांवरून पाइपने धुवावी.

शोरूममध्ये पुन्हा जाऊ नये, आणि गेलातच तर तेथील शास्त्र समजून घेण्याची तयारी ठेवून जावे. ‘सर, हे नॉर्मल आहे’ हे पहिले सूत्र. ‘सगळ्याच गाड्यांना असतं’ हे दुसरे. तिसरे सूत्र सर्वांत खोल आहे आणि ते फक्त पिकअपवाल्यांसाठी राखून ठेवलेले आहे: ‘कमर्शियल गाडी आहे सर, माल भरणार ना? ओरखडे पडणारच.’ आज ना उद्या शर्ट मळणारच आहे, तर दुकानदाराने तो मळलेलाच विकला म्हणून बिघडले कोठे, हे तत्त्वज्ञान एकदा पटले की शोरूमचा फुकटचा चहासुद्धा गोड लागतो.

रंगाविषयी वाचन तर अजिबात करू नये, कारण त्याने नसते प्रश्न पडू लागतात. कारखान्यात पत्र्याचा उघडा सांगाडा रंगाच्या टाकीत बुडवून वीज सोडतात, म्हणजे रंग कानाकोपऱ्यांत बसतो. मग प्रायमर, मग मूळ रंग आणि पुष्कळ गाड्यांवर शेवटी पारदर्शक क्लिअर कोट. सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरते, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या माणसाच्या दोन केसांएवढी. ती मोजण्याचे हातात मावणारे यंत्र बाजारात मिळते. ते विकत घेऊ नये, कारण एका दारावर १२० आणि शेजारच्या दारावर ३०० असे आकडे दिसले की माणसाची झोप उडते. वरचा रंग भट्टीत १४० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजून काढतात. एवढ्या उष्णतेत सीट, वायरी आणि रबर टिकणार नाहीत, म्हणून त्या वस्तू रंग झाल्यानंतरच बसवतात, आणि म्हणूनच कारखान्यातून सरळ आलेल्या दाराच्या रबरी बीडिंगवर रंगाचे शिंतोडे पडण्याचे काही कारण उरत नाही. तेव्हा बीडिंगकडे पाहू नये. माझ्या दाराच्या बीडिंगवर पांढऱ्या तुषारांची बारीक नक्षी होती. ती मी सल्लागार महाशयांना दाखवली, तेव्हा त्यांनी मान तिरकी करून क्षणभर पाहिले आणि म्हणाले, “पावडर असेल सर. पावसाळ्यात निघून जाईल.”

फारच आग्रह धरल्यास ‘दार फुकट रंगवून देतो’ असा प्रस्ताव येतो. तो आनंदाने स्वीकारावा. जोडून तयार झालेली गाडी कारखान्याच्या भट्टीत घालता येत नाही, म्हणून वर्कशॉपमध्ये हार्डनर घातलेला वेगळा रंग साठेक अंशांच्या उबेत वाळवतात. पांढरा तो पांढरा असे मानणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. इतरांना मात्र गाडी उन्हात उभी केली की केबिन दुधाची आणि दार ताकाचे दिसते. रंगवायचे नसेल तर मशीनने घासून ओघळ सपाट करतात, आणि त्याबरोबर दोन केसांच्या त्या जाडीतलाही वाटा जातो. याहून सोपा मार्ग म्हणजे शोरूममध्येच मिळणारे महागडे कोटिंग त्या ओघळावरूनच करून घ्यावे. त्यामुळे दोष ऊन, पाऊस आणि पक्ष्यांच्या विष्ठेपासून सुरक्षित राहतो.

तक्रार नेहमी तोंडी करावी. लेखी अर्ज, त्यावर पोचेचा शिक्का, पहिल्याच दिवशी काढलेले फोटो असले कागद जमवणाऱ्या माणसाकडे लोक संशयाने पाहतात. ‘कंपनीला मेल टाकलाय’ या उत्तरावर किमान दोन वर्षे विश्वास ठेवावा. दोनच का, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती दाखल करावी लागते, आणि ती मुदत टळली की मन निश्चिंत होते. त्याआधी जिल्हा आयोगाकडे जाणे म्हणजे उगाच खर्च: पाच ते दहा लाखांच्या गाडीसाठी चक्क २०० रुपये शुल्क भरावे लागते. शिवाय तज्ज्ञांकडून तपासणीची गरज पडली तर निकाल शक्यतो पाच महिन्यांत द्यावा, असे कायदा म्हणतो; त्यातला ‘शक्यतो’ हा शब्द वकिलांना फार आवडतो. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करणे हाही अधीरपणाच.

आयोगापुढे गेलातच, तर ‘हे ग्राहक नव्हेत, यांनी गाडी धंद्यासाठी घेतली आहे’ असे समोरचे वकील म्हणतील. केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही, अशी सोय कायद्यातच आहे. पण ती आपण होऊन सांगायला जाऊ नये. ‘मी पोटासाठी स्वतः गाडी चालवतो’ हे वाक्य चारचौघांत बोलायला संकोच वाटतो. त्यापेक्षा छाती काढून ‘आमचा ट्रान्स्पोर्टचा व्यवसाय आहे’ असे सांगावे आणि रुबाबात हरावे.

मी अखेर सभ्य माणसाचा मार्ग पत्करला. फाळक्यावर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला महाराष्ट्रात २०१५ पासून बंदी आहे. दारावर ‘आईचा आशीर्वाद’ लिहायला मात्र अजून कोणी हरकत घेतलेली नाही. तेव्हा गावातल्या पेंटरला बोलावले आणि मुठीखाली, बरोबर त्या थेंबावर ‘आ’ येईल असे लिही म्हणून सांगितले. त्याने ब्रश बुडवण्याआधी दारावरून उलटा हात फिरवला. मग अंगठ्याच्या नखाने बीडिंगवरचे दोन तुषार खरवडले, बोटावर घेऊन उन्हाकडे धरले आणि विचारले, “दादा, गाडी कुठं ठोकली होती?”

“अरे, नवी आहे. महिनासुद्धा झाला नाही.”

“मग तुमच्या आधी ठोकली असंल,” असे म्हणून त्याने ‘आ’ काढायला घेतला.