काशी म्हातारपणासाठी राखून ठेवू नका, मुलांना घेऊन जा

मुंजीत बटू काशीला निघतो आणि मामा त्याला वाटेत अडवून परत आणतो. 'काशीस जावे, नित्य वदावे' असंही आपण म्हणतो. म्हणजे बोलत राहायचं, जायचं पुढे कधीतरी. मग ते 'कधीतरी' गुडघे गेल्यावर उगवतं, नाहीतर कुणाच्या अस्थी घेऊन निघावं लागतं तेव्हा. मला हे अजिबात पटत नाही. काशी हे आठ-दहा वर्षांच्या मुलांचा हात धरून बघायचं शहर आहे. आजी-आजोबांचे पाय चालताहेत तोवर त्यांनाही सोबत घेऊन बघायचं. आमच्या घरातल्या तीन पिढ्या एकत्र जाऊन आल्या, तेव्हापासून मी ओळखीच्या प्रत्येकाला हेच सांगते आहे.

आधी एक विनंती. काशी, प्रयाग, अयोध्या असं सगळं चार दिवसांत उरकणारी सहल मुलांसाठी घेऊ नका. त्यात मुलांच्या वाट्याला येते ती बस, रांग आणि 'चला चला'. काशीसाठी पूर्ण तीन दिवस तरी ठेवा, मुक्काम एकाच जागी करा. सकाळी एक गोष्ट बघायची, दुपारी झोप, संध्याकाळी आणखी एक. चौऱ्याऐंशी घाट आहेत म्हणून चौऱ्याऐंशी बघायचे नसतात.

पहिली सकाळ नावेसाठी. अस्सी घाटावरून उजाडायच्या आधी निघा. अस्सी शहराच्या दक्षिण टोकाला आहे. गंगा काशीत उत्तरेकडे वाहते, त्यामुळे अस्सीहून निघालं की नाव प्रवाहाबरोबर जाते आणि वल्हवणाऱ्याला दम लागत नाही. मुलांना हे आधी सांगून ठेवा आणि हातात एक होकायंत्र द्या. हिमालयातून निघून समुद्राकडे जाणारी नदी इथे उलटी उत्तरेला का वळली, हा प्रश्न त्यांना स्वतःहून पडू दे. सगळे घाट पश्चिम तीरावर, तोंड पूर्वेला. पलीकडचा काठ सखल, वाळूचा. पावसाळ्यात तिथे पाणी पसरतं, म्हणून तिकडे शहर वसलंच नाही. आणि म्हणूनच सूर्य उगवतो तेव्हा मध्ये एकही इमारत येत नाही, सगळा उजेड थेट घाटांच्या पायऱ्यांवर पडतो. भूगोलाच्या पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण मुलं नावेत बसून शिकतात. नावेचे पैसे बसण्याआधी ठरवा. लहान मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का ते विचारा. नसेल तर सरळ दुसरी नाव बघा.

या नावेच्या फेरीत मराठी मुलांसाठी आणखी एक गंमत आहे, आणि ती कुणी मुद्दाम दाखवत नाही याचं मला वाईट वाटतं. घाटांची नावं वाचत चला. अस्सीजवळच्या भदैनीत राणी लक्ष्मीबाईंचं जन्मस्थान आहे, घोड्यावरचा पुतळाही आहे. मनकर्णिका हे तिचं माहेरचं नाव पुढे दिसणाऱ्या मणिकर्णिका घाटाचंच, हे कळल्यावर आमच्या लेकीने तिथून हलायला नकार दिला होता. पुढे अहिल्याबाई घाट लागतो. त्याला जवळजवळ लागून असलेला दशाश्वमेध नानासाहेब पेशव्यांनी बांधून घेतला. मग शिंद्यांचा घाट, मग नागपूरकर भोसल्यांचा. दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांत तर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत. शाळेत 'मराठा सत्तेचा विस्तार' असा धडा असतो. तो विस्तार दगडाच्या पायऱ्यांमध्ये कसा दिसतो ते इथे बघायला मिळतं. लढाया आणि सनावळ्या पाठ करणाऱ्या मुलांनी हेही बघायला हवं की आपल्या माणसांनी एवढ्या लांब येऊन अनोळखी यात्रेकरूंच्या पायाखाली दगड घातले.

शिंदे घाटाजवळ रत्नेश्वराचं देऊळ आहे. ते चांगलंच कललेलं आहे, आणि वर्षातले बरेच महिने गाभाऱ्यात पाणी असतं. एकाने आईच्या ऋणातून उतराई झाल्याची बढाई मारली म्हणून ते कललं, अशी गोष्ट सांगतात. मुलांना ती सांगा, आणि काठावरची जमीन एवढं वजन पेलू शकली नसेल का, हेही विचारा. त्यांना दोन्ही लक्षात राहतं.

आता मणिकर्णिका. बरेच आईबाप मला विचारतात, मुलांना चिता दाखवायच्या का? माझं मत स्पष्ट आहे. घाटावर उतरून जवळ नेऊ नका, पण नावेतून जाताना त्यांचे डोळे झाकू नका. आमच्या लेकीने विचारलं, "ते लोक रडत का नाहीयेत?" तिच्या आजोबांनी तिला जे उत्तर दिलं ते मला कधी जमलं नसतं, त्या दोघांमधलं आहे, म्हणून इथे लिहीत नाही. मृत्यूबद्दल मुलं कधीतरी विचारणारच आहेत. घरातलं मोठं माणूस शेजारी बसलेलं असताना, घाई नसताना विचारलेलं बरं. फोटो मात्र काढायचा नाही, व्हिडिओ तर नाहीच. तिथे कुणाचं तरी कुणीतरी गेलेलं असतं.

दशाश्वमेधाला खेटून मानमंदिर घाट आहे, आणि माझ्या मते मुलांसाठी घाटावरची सगळ्यात चांगली जागा हीच. आमेरच्या राजा मानसिंगाच्या या महालाच्या गच्चीवर सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात वेधशाळा उभारली. दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा आणि काशी अशा पाच ठिकाणी त्याने वेधशाळा बांधल्या, त्यातली मथुरेची आता उरलेली नाही. काशीची आकाराने लहान आहे, पण मुलांना लहानच बरी पडते, सगळी यंत्रं एका नजरेत येतात. सम्राट यंत्र म्हणजे मोठं सूर्यघड्याळ, त्याची तिरकी भिंत पृथ्वीच्या आसाला समांतर आहे. म्हणून त्या भिंतीचा चढ तितक्याच अंशांचा जितके काशीचे अक्षांश, सुमारे पंचवीस. ऊन असताना जा. सावलीच्या कडेवर खडूची खूण करू नका, ती संरक्षित वास्तू आहे. मुलांना नुसतं टक लावून बघायला सांगा. दहा मिनिटांत सावली सरकलेली दिसते. पृथ्वी फिरते हे डोळ्यांनी बघायची संधी अशी किती ठिकाणी मिळते?

विश्वनाथाचं दर्शन अर्थातच घ्या. पहाटे लवकर किंवा दुपारी गर्दी कमी असताना. फोन आत नेता येत नाही, तो मुक्कामावरच ठेवून निघालात तर लॉकरची रांग वाचते. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधी ठरवा आणि मुलांच्या खिशात मोठ्यांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. २०२१ साली कॉरिडॉर झाल्यापासून आत मोकळी जागा आहे, म्हाताऱ्या माणसांना टेकता येतं. त्या आवारात अहिल्याबाईंचा पुतळा आहे, तिथे मुलांना थांबवा. आज आपण दर्शन घेतो ते देऊळ त्यांनी १७८० साली बांधलं. आणि त्याच्याही आधी, अकबराच्या काळात, तोडरमलाच्या मदतीने विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभं करणारे नारायणभट्ट हे मूळच्या पैठणच्या घराण्यातले. याच घराण्यातल्या गागाभट्टांनी १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक केला. एकनाथांनी आपलं भागवत पूर्ण केलं तेही काशीतच. पैठण आणि काशी यांच्यात एवढी ये-जा होती, आणि आपण मात्र मुलांना काशी म्हणजे 'लांबचं तीर्थ' असं सांगतो.

संध्याकाळच्या गंगा आरतीबद्दल माझं मत अनेकांना आवडणार नाही. दशाश्वमेधावरची आरती देखणी असते यात वाद नाही, पण पाच वर्षांखालच्या मुलांना घेऊन त्या गर्दीत बसू नका. जागा धरायला तास-दीड तास आधी जावं लागतं, सुरू होईपर्यंत मूल कंटाळून रडकुंडीला येतं आणि बाहेर पडताना रेटारेटी होते. त्यापेक्षा अस्सीवर पहाटे होणारी 'सुबह-ए-बनारस'ची आरती बघा. मंत्र, आरती, मग शास्त्रीय गायन किंवा वादन, नंतर योगासनं, आणि मुलांना इकडेतिकडे पळायला जागा.

सारनाथला अर्धा दिवस द्या. शहरापासून साधारण दहा किलोमीटर. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, दिवस ठरवताना हे ध्यानात ठेवा. जाताना प्रत्येक मुलाच्या हातात एक नाणं द्या. नाण्यावर तीन सिंह दिसतात. संग्रहालयात अशोकाच्या स्तंभाचं ते मूळ शीर्ष आहे, माणसापेक्षा उंच; त्याभोवती फिरून सिंह मोजायला सांगा. चौथा सापडला की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. खालच्या पट्ट्यावर हत्ती, घोडा, बैल आणि सिंह आहेत, मध्ये मध्ये चक्रं. २६ जानेवारी १९५० रोजी हे आपलं राजचिन्ह झालं. शीर्ष आत आहे, पण तुटलेल्या स्तंभाचा बुंधा बाहेर उत्खननाच्या जागेवरच उभा आहे, त्यावर ब्राह्मीतला लेख आहे. मग धामेक स्तूपाला एक प्रदक्षिणा. बुद्धांनी पहिला उपदेश केला तो पाच जणांना, इथे. महाराष्ट्रातून किती बौद्ध कुटुंबं इथे येतात! नागपूरहून आलेल्या एका आजींनी स्तूपाच्या सावलीत आमच्या मुलांना पंचशील समजावून सांगितलं, आणि मुलं गप्प बसून ऐकत होती.

काशी विद्यापीठाजवळचं भारतमाता मंदिर बहुतेक लोक वगळतात. आत मूर्ती नाही, संगमरवरात कोरलेला अखंड भारताचा उठावाचा नकाशा आहे. डोंगर उंच, दऱ्या खोल, समुद्र सपाट. १९३६ साली गांधीजींच्या हस्ते ते खुलं झालं. बांधणारे शिवप्रसाद गुप्त यांना ही कल्पना सुचली ती पुण्यात, धोंडो केशव कर्व्यांच्या आश्रमातला जमिनीवरचा मातीचा नकाशा बघून. मुलांना कठड्याशी उभं करून सह्याद्री शोधायला सांगा, मग गंगा, मग आपण आलो ती रेल्वेची वाट. आमच्याकडे यात जवळजवळ तास गेला आणि कुणी 'निघूया' म्हटलं नाही.

रामनगरचा किल्ला वेळ उरला तरच. जुन्या मोटारी आणि पालख्या मुलांना आवडतात, पण जतन फार चांगलं नाही. भाद्रपदाच्या शेवटी गेलात तर मात्र गोष्ट वेगळी. रामनगरची रामलीला महिनाभर चालते. वीज नाही, माइक नाही, पेट्रोमॅक्स आणि मशालींचा उजेड. अयोध्या एकीकडे, लंका दुसरीकडे, आणि प्रेक्षक पात्रांच्या मागून चालत जातात.

खाण्याचं थोडक्यात. सकाळी कचोरी-भाजी आणि जिलबी. हिवाळ्यात मलइयो नक्की द्या, दवात ठेवलेल्या दुधाचा केशरी फेस, कुल्हडमध्ये; जिभेवर ठेवताच नाहीसा होतो. ठंडाई मागताना 'बिना भांग' असं स्पष्ट सांगा, कारण काशीत भांगेची दुकानं परवान्याने उघड चालतात. पाणी बाटलीबंदच. दुर्गाकुंड आणि संकटमोचनला माकडं आहेत, चष्मा आणि प्रसाद पिशवीत ठेवा. खेळणी घ्यायची तर इथली लाखेच्या रंगांची लाकडी घ्या, आणि शक्य असेल तर कारागिराकडूनच. बाळाची ढकलगाडी घाटावर किंवा गल्लीत काही कामाची नाही, अंगाला बांधायची झोळी आणा. घाटांकडे जाताना लागणाऱ्या गोदौलिया चौकाच्या पुढे बऱ्याचदा वाहनं सोडत नाहीत, आजी-आजोबांना तिथून पायी किती जमेल याचा अंदाज घेऊनच मुक्काम ठरवा.

प्रशासनाकडूनही काही मागायला हवं. नमो घाटावर चढउतारासाठी रॅम्प आहे, तो जुन्या घाटांपैकी निदान काहींवर तरी हवा. पायऱ्यांना मध्ये मध्ये धरायला कठडे हवेत. बायकांसाठी आणि लहान मुलांसाठी स्वच्छ शौचालयं दर थोड्या अंतरावर हवीत. सकाळच्या नावेत बसवण्याआधी मुलांची जी तारांबळ होते ती प्रत्येक आईला ठाऊक आहे. आणि अहिल्याबाई, शिंदे, भोसले या घाटांवर मराठीतली एकेक पाटी. महाराष्ट्र सरकारने ठरवलं तर यात फार खर्च नाही.

दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरवणाऱ्यांसाठी एवढं सांगते. कार्तिक शुद्ध चतुर्थीला तुलसी घाटावर नागनथैया होते. कृष्ण झालेला मुलगा कदंबाच्या फांदीवरून गंगेत उडी मारतो आणि कालियाच्या फण्यावर उभा राहून बाहेर येतो. मुलांना दाखवावं असं यापेक्षा सुंदर मला काशीत काही दिसलेलं नाही. दुपारीच घाटावर पोचा किंवा नाव ठरवून ठेवा. कार्तिकी पौर्णिमेची देवदिवाळी लहान मुलं असतील तर टाळा, गर्दी प्रचंड असते आणि राहण्याचे दरही. डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीभर धुक्याने गाड्या आणि विमानं तासन्‌तास उशिरा धावतात, तेव्हा शाळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशीचं परतीचं तिकीट काढू नका.