प्रिय फर्स्टनेम

आज सकाळी एका संस्थेची मेल आली. अकरा वर्षं दर दिवाळीला मी त्यांना जमेल तेवढे पैसे पाठवते. मेलची सुरुवात काय, तर “प्रिय फर्स्टनेम”. माझं नाव यायचं तिथे तो शब्दच तसाच राहिलेला, महिरपी कंसासकट! खाली भलंमोठं लाल बटण, “आत्ताच मदत करा”. या आठवड्यातली ही चौथी मेल.

आमची देवगडला हापूसची कलमं आहेत. अण्णा दर माघात मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांना पोस्टकार्डं लिहायचे. मोहोर कसा आहे, तुडतुड्याची कीड पडलीय का, पहिली पेटी पाडव्याला मिळेल की नाही. अण्णा गेल्यावर मी तेच मेलवर लिहायला लागले, महिन्यातून एकदा. फेसबुकवरचं माझं लिहिणं कुणाला दिसणार ते फेसबुक ठरवतं. गिऱ्हाइकांचे पत्ते मात्र माझ्या वहीत आहेत, आणि ते त्यांनी विश्वासाने दिलेत.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं. शेवटचा आंबा झाडावर होता, तो एका रात्रीत खाली. दोन कलमं मुळासकट आडवी. वीज आल्यावर मी सगळ्यांना लिहिलं, आंबा गेला, आगाऊ घेतलेले पैसे परत करते. डोंबिवलीच्या एका आजींचं उत्तर आलं, “पैसे पुढच्या पेटीत धर. पडलेली कलमं उभी करता येतात का, ते आधी कळव.”

ते वाचून मी ओट्यावर बसून रडले होते.

आणि इथे फर्स्टनेम! वर “आजच शेवटचा दिवस”, “तुमच्याशिवाय आम्ही थांबू”. माणसं याला विटतात म्हणूनच ना जीमेलला २०२४ मध्ये नियम करावा लागला, की दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवत असाल तर जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर यादीतून नाव काढायची सोय द्या! हजारो लोकांना हाताने नाव घालून लिहिता येत नाही, मान्य. पण आजींनी मला नावाने कुठे हाक मारली होती? त्यांनी कलमांची चौकशी केली होती.

रागाच्या भरात मी संस्थेला उत्तर लिहिलं. ते तसंच परत आलं. नो-रिप्लाय पत्ता! म्हणजे बोलणार तुम्ही, मागणार तुम्ही, आणि आम्ही तोंड उघडायचं नाही?

आता जेवणं झाली, जरा शांत झालेय. तिथे कुणीतरी बाविशीतलं पोर एकट्याने हे सगळं सांभाळत असेल. कुणी शिकवलंच नसेल त्याला. त्याच्यावर माझा राग नाही.

आजींना मी तेव्हा कळवलं होतं. एक कलम गेलं. दुसऱ्याच्या फांद्या छाटल्या, मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावली, टेकू देऊन उभं केलं. यंदा त्याला मोहोर आलाय. माघाच्या पत्रात पहिली ओळ तीच होती.

संस्थेतलं कुणी हे वाचत असेल तर, पैसे मी दिवाळीला पाठवीनच. पण गेल्या वर्षी तुम्ही मुलींच्या वसतिगृहाच्या बोअरवेलसाठी मदत मागितली होती. पाणी लागलं का हो?