क्लॉडियस म्हणाला, 'किंवा नाही'

'प्राचीन रोमची थक्क करणारी सत्ये' हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेलच. कोलोसियम या रोमच्या आखाड्यात उतरताना प्रत्येक ग्लॅडिएटर, म्हणजे तिथे लढणारा योद्धा, म्हणे "सीझर, मरणारे आम्ही तुला वंदन करतो" असं ओरडायचा. सम्राटाचा अंगठा खाली गेला की मान उडायची. सैनिकांचा पगार मिठात व्हायचा. आणि झाडून सगळे रोमन मुताने दात घासायचे. मी दुर्लक्ष केलं होतं. पण आता आठवीतल्या भाच्याने हेच भाषणासाठी पाठ केलंय, आणि ताई म्हणते, "छान आहे की, तू कशाला मोडता घालतोस?"

घालतो, कारण त्या वंदनाची खरी गोष्ट फॉरवर्डपेक्षा कितीतरी धमाल आहे. ती सांगतो सुएटोनियस हा रोमन चरित्रकार, आणि तीही एकाच प्रसंगाची. साल इ.स. 52, सम्राट क्लॉडियस. कोलोसियमचा संबंधच नाही. ते सुरू झालं 80 साली, तोवर क्लॉडियसला जाऊन 26 वर्षं झाली होती. जागा रोमच्या पूर्वेकडचा फुकिनो तलाव. त्यातलं पाणी काढून टाकायचं होतं, त्याआधी तमाशा म्हणून जहाजांची खरीखुरी लढाई ठेवली. एका बाजूला 12, दुसऱ्या बाजूला 12 जहाजं. इशारा द्यायला तलावाच्या मधोमध यंत्राने वर येणारा, तुतारी फुंकणारा चांदीचा जलदेव! लढणारे ग्लॅडिएटर नव्हते, शिक्षा झालेले कैदी होते. ते म्हणाले, "मरणारे तुला वंदन करतात." क्लॉडियसला राहवलं नाही. म्हणाला, "किंवा नाही."

झालं! कैद्यांनी गृहीत धरलं की माफी मिळाली, आणि लढायला साफ नकार दिला. सगळ्यांना जाळून-कापून टाकावं का, यावर सम्राट बराच वेळ घुटमळला. शेवटी आसनावरून उठून काठाकाठाने लडखडत धावत सुटला, कुणाला दम देत, कुणाला चुचकारत. तेव्हा कुठे लढाई जुंपली. रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की बरंच रक्त सांडल्यावर उरलेल्यांना जीवदान मिळालं.

अंगठ्याचं थोडक्यात: जुवेनाल या रोमन कवीच्या कवितेत 'वळवलेला' अंगठा आहे, कुठल्या दिशेला ते नाही. खाली केलेला अंगठा आपल्या डोक्यात बसवला तो जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या 1872 च्या चित्राने.

मिठाचा पगार? इजिप्तमध्ये सापडलेला इ.स. 81 चा एका सैनिकाचा हिशेब बघा. पगार नाण्यांत, आणि कापून घेतलेत गवत, जेवण, बूट-पट्टे, कपडे, वर छावणीतल्या सणाची वर्गणी. कापाकापीसुद्धा आपल्यासारखीच.

राहिलं मूत. दात घासण्याबद्दल कातुल्लुस हा कवी सतत दात दाखवत हसणाऱ्या एका स्पॅनिश माणसाची टर उडवतो. सगळं रोमच तसं करत असतं तर त्यात टर कसली? आता नाइलाजाने एवढं मान्य करतो की रोमन धोबी मुताने कपडे धूत, आणि सम्राट व्हेस्पासियनने मुतावर करही बसवला होता. पण ते कपड्यांचं झालं, दातांचं नाही.