साभार परत

काल शेजारच्या काकूंना परड्यातला कोबीज दिला. आज सकाळी त्यांनी त्यातली अळी परत आणून दिली. कुंद्याच्या रिकाम्या डबीत घालून, झाकणाला भोकं पाडून.

"घे गे, तुझी पाहुणी आमच्यात राहिलेली."

"मारून टाकायची की काकू."

"आमी कशाला मारू? एकादशी हाय आज. तुझी वस्तू, तूच बघ काय ते." आवाज असा की समोरच्या कट्ट्यावरची पेपरं खाली झाली. "खडेबाजारात गड्डा मिळतोय बघ, एक अळी दिसली तर शपथ."

"त्यावर औषध मारतात. तुम्हीच म्हणाला होता, बिनऔषधाचा पायजे."

"बिनऔषधाचा म्हटलं. अळीचा दे म्हटलं काय?"

यावर काय बोलणार? तेवढ्यात आतून काकांचा सल्ला आला, "निपाणीचा तंबाखू भिजवून मार म्हणावं!"

डबीत बघितलं तर अंगावर काळे ठिपके असलेली जाडजूड अळी. हिचं नावच तंबाखूची अळी. निपाणीकडं तंबाखूची पानं खाऊन वाढणारी ही जात, आणि हिला काका तंबाखू दाखवून भिववणार! शिवाय निकोटीन हे आपल्यालाही विषच, ते खायच्या पानावर कशाला? पण फुकटच्या सल्ल्यावर उलट प्रश्न विचारायची आपल्या गल्लीत पद्धत नाही.

या अळीची अंडी पानाखाली पुंजक्यानं असतात, वर तपकिरी लव. पिल्लं निघाली की पहिले काही दिवस एकाच पानावर गर्दी करतात आणि पानाची चाळण होते. तेवढं पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवलं की अख्खं कुटुंब आटोपतं. ती वेळ चुकली की सगळ्या पांगतात, आणि मग बॅटरी घेऊन रात्री हुडकत बसा.

कोबीजचा खरा वैरी मात्र दुसराच, चौकोनी ठिपक्याचा पतंग. याची अळी बोटाच्या पेरापेक्षा लहान, हिरवी, दोन्ही टोकांना निमुळती. हात लावला की वळवळत मागं सरकते आणि धाग्याला लोंबकळते. पानाचा वरचा पापुद्रा तेवढा ठेवून खालून खाते, म्हणून पानाला काचेच्या खिडक्या पडल्यासारखं दिसतं. जोराच्या पावसात ही दबून असते. उघडीप पडली की सुटते.

हिच्यासाठी मोहरी लावायची. कोबीज लावायच्या 15 दिवस आधी एक ओळ आणि लावणीनंतर 25 दिवसांनी दुसरी. पतंग कोबीज सोडून मोहरीवर अंडी घालतो. मोहरीवर फवारणी मात्र विसरायची नाही, नाहीतर आपणच अळ्या पोसल्या. माझ्या मोहरीबद्दल काकूंचं मत: "हीच बरी आलीय की गे, कोबीज कशाला लावलीस?"

फवारणीला टरफल काढलेली 50 ग्रॅम निंबोळी कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, फडक्यानं गाळायची आणि त्याच दिवशी संपवायची. थोडं साबणाचं पाणी घालणं भागच आहे. कोबीजच्या पानावर मेणाचा थर असतो, नुसतं पाणी घरंगळून जातं. मारायचं संध्याकाळी, पानाच्या खालून. उन्हात त्यातला गुण उतरतो. आठवड्यानं पुन्हा. तरी आवरलं नाही तर बीटीची, म्हणजे अळीला मारणाऱ्या जिवाणूची पावडर, लिटरला 1 ते 2 ग्रॅम. ती पोटात गेली तरच काम करते, म्हणून लहान अळीवरच मारा. खाणं लगेच थांबतं, मरायला दोन-तीन दिवस लागतात. "मेली नाही की अजून!" म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा ढोसू नये.

सगळ्यात खात्रीची मच्छरदाणी. रोप लावलं त्याच दिवशी कमानीवर ताणायची, कडा मातीत दाबायच्या. जाळी पानाला टेकली तर पतंग बाहेरूनच अंडी घालतो.

आणि काढणी झाली की बुडखे उपटून टाकायचे. आमच्याकडं रिवाज उलटा. बुडखा ठेवायचा, फुटव्यांची भाजी होते म्हणून. होते खरी, दोन वाट्या. पण गड्डा नसताना अळी याच फुटव्यांवर दिवस काढते आणि पुढच्या लावणीची वाट बघते. गेल्या हंगामातले असे बुडखे अजून उभे आहेत, माझ्या कुंपणाला लागूनच. पलीकडच्या बाजूला. कुणाच्या परड्यात ते मी सांगत नाही, एकादशी आहे आज.